रिटेक मिळतो म्हणून सिनेमातला अभिनय सोपा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नाटकातला नट आणि सिनेमातला नट यावर जो लेख आलाय त्याबद्दल लिहितेय. लेख वाचून खरंच वाईट वाटलं. म्हणणं थोडक्यात असं की खरा अभिनय फक्त रंगभूमीवर, तिथे चुकलं की चुकलं, आणि सिनेमात काय, कॅमेरा, एडिटिंग, म्युझिक असे सगळे मिळून नटाला सांभाळून घेतात, शिवाय रिटेक आहेतच. हे मी कॉलेजात एकांकिका करत होते तेव्हापासून ऐकतेय आणि तेव्हा मलाही ते पटायचं. पण आता बरीच वर्षं मी मराठी सिनेमाच्या सेटवर कंटिन्युइटी बघते. म्हणजे नटाने कुठल्या शब्दावर कप उचलला, रुमाल कुठल्या हातात होता, पदर कुठवर सरकला होता, दरवाजा उघडा होता की अर्धवट, हे सगळं लिहून ठेवायचं आणि पुढच्या शॉटला ते तसंच होतंय ना ते बघायचं. त्यामुळे नटाचं काम अगदी जवळून आणि पुन्हा पुन्हा बघायला मिळतं, म्हणून म्हटलं आपण लिहावं.

नाटकाबद्दल मला कणभरही कमी बोलायचं नाहीये. तिसरी घंटा झाली, पडदा गेला की पुढचे अडीच तास सगळं नटाच्या हातात, समोर कुणाचा मोबाईल वाजो, सहकलाकार वाक्य विसरून कोऱ्या चेहऱ्याने उभा राहो, त्यालाच निभावून न्यायचं असतं. शेवटच्या रांगेतल्या माणसाला कुजबुजसुद्धा ऐकू गेली पाहिजे आणि तरी ती कुजबुजच वाटली पाहिजे. लाफ्टर आला की तो पूर्ण विरायच्या जरासा आधी पुढचं वाक्य टाकायचं हे कुठल्या पुस्तकात नाही, ते प्रयोगातच शिकतात. आणि भूमिका प्रयोगागणिक मुरत जाते. प्रशांत दामले यांनी २०२२ मध्ये १२,५०० प्रयोगांचा टप्पा गाठला, एवढ्या वेळा माणूस जिवंत प्रेक्षकासमोर उभा राहतो तेव्हा टायमिंग त्याच्या अंगातच भिनतं. पहिल्या प्रयोगाला जे सापडत नाही ते पन्नासाव्याला सापडतं, पॉज किती लांबवायचा हे नाशिकच्या प्रेक्षकाने शिकवलेलं असतं आणि सांगलीच्या प्रेक्षकाने दुरुस्त केलेलं असतं.

सिनेमातल्या नटाला यातलं काहीच मिळत नाही, आणि लेखात नेमकं तेच सुटलंय. रिटेक म्हणजे पन्नासावा प्रयोग नव्हे हो. रिटेक बऱ्याचदा नटासाठी नसतोच, फोकस हुकला, बूमची (लांब दांडीवरच्या माइकची) सावली भिंतीवर पडली, बाहेरून रिक्षा गेली, डोक्यावरून विमान गेलं की वन मोअर. नटाचा सगळ्यात जीव ओतलेला टेक असा रिक्षापायी गेलेला मी किती वेळा पाहिलाय, आणि तो माणूस तक्रार न करता परत मार्कवर, म्हणजे जमिनीवरच्या ठरलेल्या खुणेवर, जाऊन उभा राहतो आणि परत शून्यापासून सुरू करतो. त्या एका दिवसात, त्या दोन-तीन तासांत जे पडलं ते कायमचं. संध्याकाळी गाडीत बसताना त्याला सुचलं की अरे हे वाक्य हसत म्हणायला हवं होतं, तर ते सुचणं वायाच, कारण लोकेशन सुटलेलं असतं. नाटकवाला नट उद्याच्या प्रयोगात ते करून बघू शकतो.

दुसरं म्हणजे क्रम. नाटकात पहिला अंक आधी, दुसरा नंतर, राग चढत जातो तसा नटही चढत जातो, पाचव्या प्रवेशातलं रडणं आधीच्या चार प्रवेशांच्या जोरावर येतं. सिनेमाचं शूटिंग लोकेशनप्रमाणे आणि तारखांप्रमाणे होतं. वाडा भाड्याने घेतलाय तर वाड्यातले सगळे सीन एकदम काढायचे, मग त्यात सिनेमाच्या सुरुवातीचं लग्न असो नाहीतर शेवटचं मरण. त्यामुळे असं होतं की पहिल्याच दिवशी नट वडिलांच्या प्रेतासमोर बसतो, आणि ज्या नटाने वडील केलेत त्याची आणि ह्याची ओळख मेकअपच्या खोलीत जेमतेम तासभर आधी झालेली असते, आणि मग पुढच्या आठवड्यात कधीतरी दोघांचे लाडाचे, भांडणाचे सीन. म्हणजे जे प्रेम अजून घडलेलंच नाही त्याचं दुःख आधी करायचं. चांगले नट स्क्रिप्टच्या समासात स्वतःपुरतं लिहून ठेवतात, या सीनच्या आधी काय झालंय, नंतर काय होणार, आपण किती थकलोय, किती दिवस झोपलो नाही. सगळा ग्राफ डोक्यात धरून त्यातला मधलाच एक तुकडा काढून द्यायचा, आणि तो असा की महिन्याभराने काढलेल्या तुकड्याला बरोब्बर जुळला पाहिजे.

एका सीनचं सांगते म्हणजे कळेल. साधा सीन, आई मुलाला जेवायला वाढतेय आणि मुलगा सांगतो नोकरी गेली. दीड पानाचा. आधी मास्टर निघतो, दोघं फ्रेममध्ये. आई आमटी वाढताना थांबते, डाव पातेल्यात परत ठेवते आणि म्हणते गेली म्हणजे. मी लिहून घेते, डाव उजव्या हातात, गेली या शब्दाआधी ठेवला, मान डावीकडे. मग मुलाच्या खांद्यावरून आईचा शॉट, ज्याला आमच्याकडे सजेशन म्हणतात, मग आईचा क्लोज, मग कॅमेरा फिरवून लाइट बदलून तेच सगळं मुलाच्या बाजूने. यात अर्धा दिवस सहज जातो. आईला तो डाव प्रत्येक वेळी त्याच शब्दाआधी ठेवायचाय, नाहीतर एडिटरला कट मारता येत नाही, आणि प्रत्येक वेळी ती बातमी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकायचीय. हाताला सगळं पाठ पाहिजे आणि चेहऱ्याला काहीच माहीत नाही असं पाहिजे. अनुभवी नटी मास्टरमध्ये स्वतःला थोडं राखून ठेवतात, सगळं रडणं तिथेच संपवलं तर क्लोजपर्यंत डोळे कोरडे होतात आणि क्लोजच तर पडद्यावर राहणार असतो. नवीन मुलं मास्टरमध्ये जीव तोडून काम करतात आणि दुपारी क्लोजच्या वेळी रिकामी होऊन बसलेली असतात. बघवत नाही.

आणि क्यू. समोरच्याचा क्लोज चालू असतो तेव्हा आपण फ्रेममध्ये नसतो तरी कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून आपली वाक्यं म्हणायची, तितक्याच मनापासून. हे कुणालाच दिसत नाही, याला बक्षीस नाही, पण जे नट हे करतात त्यांच्याबद्दल सगळ्या युनिटला आदर असतो. काही जण मात्र आपला क्लोज ओके झाला की व्हॅनिटीत निघून जातात, मग क्यू मी देते, कागदावरून वाचून, आणि समोरच्या बाईला माझ्याकडे बघून मुलाच्या आठवणीने रडायचं असतं. कधी कधी तर माणूससुद्धा नसतो, लेन्सच्या शेजारी स्टँडला टेपचा तुकडा चिकटवलेला असतो आणि सांगतात, ताई लुक इथे. त्या टेपच्या तुकड्याकडे बघून डोळ्यात माया आणणाऱ्या बाईला कॅमेरा सांभाळून घेतो असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

विनोदाचं तर अजून अवघड. नाटकात लाफ्टर हा तुमचा जोडीदार. सेटवर साउंड रोलिंग म्हटलं की सत्तर माणसं श्वाससुद्धा जपून घेतात, हसायला बंदी, कारण माइक चालू आहे. मोठ्या विनोदी प्रसंगानंतर तिथे नुसती शांतता असते. नटाने मनात हिशेब करायचा की इथे थिएटरमध्ये हसतील, एवढं थांबूया, आणि तो थांबलेला पॉज एडिटरने कमी केला तर तेही गेलं. नाटकातून आलेले कितीतरी गुणी विनोदी नट पहिल्या सिनेमात बावरतात ते यामुळे, त्यांना काम येत नाही म्हणून बावरत नाहीत.

कॅमेऱ्याने नट लहान होतो असंही एक वाक्य त्या लेखात होतं. यात थोडं तथ्य आहे पण अर्धवट. मुरलेला नट शॉट लागला की कॅमेरामनला हळूच विचारतो, दादा लेन्स कुठली. २४ एमएमची असली तर त्याला कळतं की आपण अख्खे दिसतोय, चालणं, खांदे, हात सगळं बोलणार. ८५ ची असली तर भुवयांपासून हनुवटीपर्यंतच काय ते राज्य, आणि तिथे एवढीशी भुवई उचलली तरी थिएटरच्या पडद्यावर ती दोन-तीन फूट सरकते. शिवाय त्या लेन्सवर फोकस इतका पातळ असतो की नट भावनेच्या भरात चार बोटं पुढे आला की डोळे आऊट. म्हणजे रडायचं पण जमिनीवरच्या खुणेवर, खाली न बघता, मान तेवढ्याच कोनात ठेवून. मायकेल केन या इंग्रज नटाने १९८७ साली बीबीसीसाठी सिनेमातल्या अभिनयावर एक कार्यशाळा घेतली होती, त्यात तो पापणीबद्दल बोलतो, क्लोजमध्ये पापणी लवली की माणूस कच्चा वाटतो, नाही लवली की ठाम वाटतो. तोही छोट्या नाटक कंपन्यांमधून शिकून आलेला माणूस. आणि माप घेणं हे काय फक्त सिनेमावालेच करतात असं नाही, बालगंधर्व रंगमंदिरात हजारभर लोकांसमोर काम करणारा नट छोट्याशा सुदर्शन रंगमंचावर आला की आपोआप आवाज आणि हात आवरतो. दोघंही अंतर मोजतात. सिनेमात ते अंतर शॉटगणिक बदलतं एवढंच, दिवसातून वीस वेळा.

काही जण इथे कुलेशॉव्हचा प्रयोग पुढे करतात. साधारण शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशॉव्हने मोझुखिन नावाच्या नटाचा एकच चेहरा घेतला आणि कधी सूपच्या वाडग्याला, कधी शवपेटीला जोडून दाखवला, तर लोकांना कधी त्यात भूक दिसली, कधी दुःख. म्हणून म्हणे नट काहीच करत नाही, सगळं एडिटिंग करतं. मला यातून उलटंच दिसतं. जोडणीमुळे प्रेक्षक स्वतः अर्थ भरतो, म्हणून नटाने त्याच्यासाठी जागा ठेवली पाहिजे. सगळं चेहऱ्यावर लिहून दाखवलं तर प्रेक्षकाला करायला काही उरत नाही. ती जागा किती ठेवायची हे कळणं म्हणजेच कॅमेऱ्यापुढचं कसब, आणि ते नाटकाच्या तालमीत आपोआप मिळत नाही.

हं, एक मान्य आहे, सिनेमात न शिकलेल्या माणसाकडूनही उत्तम काम काढता येतं आणि नाटकात ते जवळजवळ अशक्य. सत्यजित राय यांनी पथेर पांचालीत (१९५५) छोट्या अपूला काशफुलांच्या रानातून बहिणीला शोधत चालायला लावलं तेव्हा पोराला शोधत चालणं जमेना. मग रायनी त्याच्या वाटेत काटक्या टाकल्या, गवतात माणसं लपवून ठेवली आणि ठरलेल्या वेळी ती त्याला हाका मारायची, पोरगा थबकायचा, वळून बघायचा, परत चालायचा. पडद्यावर काय सुंदर दिसतं ते. (कंटिन्युइटीवाल्यांना याच सीनची दुसरी गोष्ट जास्त आवडते, पुढच्या रविवारी युनिट परत गेलं तर गुरांनी सगळी काशफुलं खाऊन टाकलेली, उरलेलं काम पुढच्या मोसमात फुलं आल्यावर झालं.) पण त्याच सिनेमात इंदिर ठाकरूण ही म्हातारी करणाऱ्या चुनीबाला देवी जुन्या रंगभूमीवरच्या, ऐंशीच्या घरातल्या, आणि त्या म्हातारीने जे केलंय ते काटक्या टाकून मिळत नाही.

आपल्याकडे तर ही गोष्ट फार जुनी आहे. बालगंधर्वांसारखा नट १९३५ साली प्रभात फिल्म कंपनीच्या धर्मात्मा सिनेमात संत एकनाथ झाला. ज्यांच्या एका तानेवर वन्समोअर घेऊन घेऊन प्रयोग पहाटेपर्यंत चालायचे ते नारायणराव आता एका यंत्रापुढे उभे, समोर प्रेक्षक नाही, वन्समोअर नाही. ते परत रंगभूमीकडेच गेले. त्यांच्या मोठेपणात त्याने काडीचा फरक पडत नाही, काम वेगळं होतं एवढंच. आणि पुढच्याच वर्षी त्याच प्रभातच्या संत तुकाराममध्ये विष्णुपंत पागनीस, तेही रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले, कॅमेऱ्यापुढे असे काही शांत होऊन बसले की लोक त्यांनाच तुकोबा समजायला लागले. त्यांच्यासमोर जिजाई केली गौरी या बाईंनी, त्या काही नाटकातल्या नामवंत नटी नव्हत्या, प्रभातमध्येच छोटीमोठी कामं करणाऱ्या. हातात वहाण घेऊन विठ्ठलाला जाब विचारायला देवळात जातात तो प्रसंग आज बघा, एवढ्या वर्षांनी एक हालचाल खोटी वाटत नाही. दोन वेगळ्या वाटांनी आलेली माणसं एका फ्रेममध्ये आणि कुणीच कमी नाही. अलीकडचा कोर्ट (२०१४) बघा, सरकारी वकील करणाऱ्या गीतांजली कुलकर्णी रंगभूमीवर घडलेल्या आणि आरोपी शाहीर करणारे वीरा साथीदार हे कार्यकर्ते, दोघांच्या कामात सांधा दिसत नाही. शिकलेल्या नटीने आपलं शिकलेलं सगळं असं झाकून ठेवणं मला तर फार मोठी गोष्ट वाटते.

ज्यांना खरोखर तुलना करायचीय त्यांनी सुलभा देशपांडे यांच्या बेणारेबाईंचा अभ्यास करावा. शांतता! कोर्ट चालू आहे हे नाटक रंगायन या नाट्यसंस्थेने १९६७ मध्ये केलं आणि १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्याचा सिनेमा केला, दोन्हीकडे बेणारे त्याच. तेच शब्द, तीच बाई, आणि माध्यम मात्र दुसरं. त्या प्रयोगांना हजर असलेली माणसं अजून आपल्यात आहेत, त्यांच्याकडून रंगमंचावरची बेणारे कशी होती हे लिहून घ्या आणि सिनेमाशेजारी ठेवून छापा, पुरवणीचं एक पान त्याला दिलंत तर आम्ही ते कापून जपून ठेवू. डॉ. श्रीराम लागूंचंही तसंच, १९७० मध्ये नटसम्राटमधले अप्पासाहेब बेलवलकर रंगमंचावर उभे केले आणि १९७२ मध्ये पिंजरातला गुरुजी पडद्यावर. दोन वर्षांत दोन टोकं. अशा नटाला कुठला अभिनय खरा असं विचारायची आपली हिंमत होईल का?

डबिंगबद्दल थोडं लिहिते कारण त्यावर कधीच कुणी लिहीत नाही. सिंक साउंड (शूटिंगच्या वेळीच घेतलेला आवाज) नसेल किंवा लोकेशनवरचा आवाज खराब निघाला तर नटाला कधी दोन-तीन महिन्यांनी एका बंद खोलीत हेडफोन लावून स्वतःच्याच ओठांवर स्वतःचा आवाज परत बसवावा लागतो. धावत आल्याचा दम, हुंदका, घोट गिळल्याचा आवाजसुद्धा. एका जागी उभं राहून. शूटिंगच्या दिवशी अंगात जे होतं ते तोवर निघून गेलेलं असतं, मग काही जण माइकपुढे उभं राहायच्या आधी खोलीबाहेर जिना चढून उतरून येतात. प्रेक्षकाला यातलं काही कळू नये हीच तर सगळी धडपड. आणि सिरियलवाल्यांचं जग अजून तिसरं, तिथे सीन हातात पडतो सकाळी आणि टेलिकास्टला जातो एक-दोन दिवसांत, त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

या गैरसमजाचा तोटा कुणाला होतो तर मुलांना. नाटक केलं की सिनेमा येतोच असं समजून राज्य नाट्य स्पर्धेत, एकांकिकांत बक्षिसं मिळवलेली मुलं ऑडिशनला येतात आणि तिथे मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढे शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलतात, मग त्यांना नाटकी म्हणून परत पाठवतात. नाटकी हा शब्द शिवीसारखा वापरतात तेव्हाही मला तितकाच राग येतो. दुसरीकडे सिनेमाचा अभिनय म्हणजे सोपाच असं समजून आईवडील दोन दिवसांच्या कॅमेरा वर्कशॉपला भरपूर पैसे भरतात आणि तिथे मुलांना शिकवतात काय तर ग्लिसरीन घालून रडायचं आणि पोझ द्यायची. मार्क काय, लुक काय, क्यू का द्यायचा, तोच हात तोच शब्द का, यातलं काही नाही. पुण्यात एफटीआयआय आहे, विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, दोन्हीकडे शिकलेली माणसं हाताच्या अंतरावर आहेत, त्यांना पुरवणीत लिहायला सांगा. नटांच्या मुलाखती आपण भरपूर छापता, आता एकदा एडिटरला विचारा की नटाचा कुठला टेक निवडला आणि का, साउंडवाल्याला विचारा, फोकस सांभाळणाऱ्या फोकस पुलरला विचारा.

आणि परीक्षणांबद्दल एक मागणी. सिनेमाच्या परीक्षणात शेवटी एक ओळ येते, सर्वांचा अभिनय सहज झाला आहे. कुणाचा, कुठल्या प्रसंगात, काय सहज झालं तेवढं तरी लिहा. मोठ्या दोन नावांनंतर इतर कलाकारांनी योग्य साथ दिली असं लिहून मोकळे होऊ नका, त्या इतर कलाकारांत शेजारीण असते, कंपाउंडर असतो, एका सीनचा पोलीस असतो, आणि त्या एका सीनमध्ये बऱ्याचदा त्यांनीच दिवसभर कॅमेऱ्यामागे उभं राहून हिरोला क्यू दिलेला असतो. त्यांची नावं छापा.

आपली नियमित वाचक,
सिनेमाच्या सेटवर कंटिन्युइटी बघणारी एक जण,
कोथरूड, पुणे